ठाण्याच्या खाडीकाठचे रक्तसाक्षी : टोलेंटिनोचे धन्यवादित थॉमस

९ एप्रिल हा टोलेंटिनोचे धन्यवादित थॉमस ह्यांचा स्मृतिदिन होय. इटलीतील एका लहानशा नगरात जन्मलेल्या ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे रक्त १३२१ साली सांडले ते ठाण्यात, म्हणजे नाहूरहून लोकलने निघाल्यास मुलुंडनंतर लागणाऱ्या गावात. संत फ्रान्सिस झेविअर १५४२ साली गोव्यात उतरले, त्याच्या दोनशे एकवीस वर्षे आधीची ही घटना आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये क्रुसावर चढले, त्याच्या तर दोनशे शहात्तर वर्षे आधीची. संत गोन्सालो ह्यांचे चरित्र आपल्या मुलांना तोंडपाठ असते, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या उंबरठ्यावर ज्यांनी प्राण ठेवले त्या थॉमस ह्यांचे नाव नाहूर, भांडुप, मुलुंडच्या कितीशा घरांत ठाऊक असेल, असा प्रश्न आम्हांला पडतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आणखीही एक कारण आहे. रक्तसाक्ष्यांच्या कथा सांगताना आपण बहुधा शेवटचा एक तास सांगतो. काझी, अग्निकुंड, तलवार एवढेच ऐकणाऱ्याच्या मनात राहते. थॉमस ह्यांच्या तीस वर्षांच्या मिशनकार्याचा बहुतेक काळ मुस्लिम राजवटींच्या छायेत किंवा सीमेवर गेला आणि त्यात तलवारीचा प्रसंग एकदाच आला. उरलेली वर्षे कशात गेली, हे समजल्याशिवाय ठाण्याच्या त्या रात्रीचा अर्थ लागत नाही, असे आमचे मत आहे.

थॉमस ह्यांचा जन्म तेराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इटलीच्या मार्के प्रांतातील टोलेंटिनो येथे झाला. ह्या गावाचे नाव आपल्याला ओळखीचे वाटते ते ऑगस्टिनियन संत निकोलस ह्यांच्यामुळे. ते ह्याच काळात टोलेंटिनोत वास्तव्य करून होते आणि १३०५ साली तेथेच निवर्तले. तरुण थॉमस मात्र फ्रान्सिस्कन मठात गेले. असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांच्या निधनाला तेव्हा पुरते अर्धशतकही उलटले नव्हते आणि त्यांच्या संघात दारिद्र्याच्या व्रतावरून मोठा वाद पेटला होता. संघाने जमीनजुमला आणि धान्यकोठारे बाळगावीत की संस्थापकाप्रमाणे शब्दशः अकिंचन राहावे, हा तो वाद. १२७४ सालच्या लिऑन विश्वपरिषदेच्या वेळी अशी आवई उठली की, मठवासीयांनी मालमत्ता स्वीकारलीच पाहिजे असा हुकूम निघणार आहे. मार्के प्रांतातील काही बंधूंनी ह्यास उघड विरोध केला. थॉमस त्यांतील एक होते. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना तुरुंगात टाकले.

तुरुंग म्हणजे खराखुरा तुरुंग. पायांत बेड्या, अंधारी कोठडी, आणि सर्वांत क्लेशदायक म्हणजे पवित्र साक्रामेंतांना मज्जाव. मुस्लिम राजवटीने थॉमस ह्यांना एका दिवसाहून अधिक काळ कैदेत ठेवल्याचे आढळत नाही. आपल्याच धर्मबंधूंनी मात्र अनेक वर्षे ठेवले. ही गोष्ट लपविण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. १२८९ साली रेमंड गोफ्रेदी संघाचे सर्वाधिकारी निवडले गेले. त्यांनी प्रकरणाची चौकशी केली आणि ह्या कैद्यांचा अपराध गरिबीवर अतिरेकी प्रेम करण्यापलीकडे काही नाही, असा निर्वाळा देऊन त्यांना मुक्त केले. पण मार्के प्रांतात वैर धुमसत होते. तेथे त्यांना ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

नेमक्या त्याच वेळी आर्मेनियाचे राजे दुसरे हेथुम ह्यांनी फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांची मागणी केली होती. हे आर्मेनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील किलिकियाचे ख्रिस्ती राज्य. एका बाजूस इजिप्तचे मामलुक सुलतान, दुसऱ्या बाजूस मंगोल. गोफ्रेदी ह्यांनी मुक्त केलेल्या बंधूंनाच तिकडे पाठविले. थॉमस १२९० च्या सुमारास आर्मेनियात पोहोचले. राजे हेथुम स्वतः इतके भारावले की, पुढे त्यांनी सिंहासन सोडून फ्रान्सिस्कन झगा परिधान केला.

१२९१ साली आक्रे पडले आणि पॅलेस्टाइनमधील क्रुसेडरांचे राज्य संपले. आता पाळी आर्मेनियाची, हे सर्वांस दिसत होते. राजांनी थॉमस ह्यांना मदत मागण्यासाठी पोप महाशयांकडे आणि फ्रान्स व इंग्लंडच्या राजांकडे पाठविले. बेड्या घालून ज्यांना कोठडीत ठेवले होते तेच आता राजदूत होऊन दरबारांच्या पायऱ्या चढत होते. सहानुभूती मिळाली, सैन्य मिळाले नाही. क्रुसेडचे युग सरले होते आणि ते युरोपातील राजांना थॉमस ह्यांच्या आधी कळले होते. आमच्या समजुतीप्रमाणे थॉमस ह्यांच्या आयुष्याचे वळण येथे आहे. ह्यापुढे त्यांनी मागितले ते सैन्य नव्हे, धर्मगुरू मागितले.

ह्यानंतर थॉमस पुन्हा पूर्वेकडे गेले. पर्शियावर मंगोल खानांचे राज्य होते, परंतु १२९५ साली गाझान खानाने इस्लाम स्वीकारला आणि राजाबरोबर दरबारही मुसलमान झाला. देश तर आधीपासूनच बहुसंख्य मुस्लिम होता. तब्रीझ ही तेथील मोठी बाजारपेठ. जिनोआ आणि व्हेनिसचे व्यापारी तेथे रेशीम, मोती, मसाले घ्यावयास येत आणि त्यांच्या आत्मिक सेवेसाठी फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन बंधू तेथे मठ करून राहत.

अशा ठिकाणी मिशनरी करीत तरी काय? आपल्या मनात चित्र असते ते चौकातील प्रवचनाचे. वास्तव बरेच साधे होते. सकाळी मिस्सा, व्यापाऱ्यांचे पापनिवेदन, आजाऱ्यांना तैलाभ्यंग, मृतांना मूठमाती; मग फार्सी भाषेचा अभ्यास; शेजारच्या नेस्टोरियन आणि आर्मेनियन ख्रिस्ती लोकांशी कधी सख्य, कधी खटके. इस्लाममधून धर्मांतर करविणे हा तेथे मृत्युदंडाचा विषय होता. त्यामुळे मिशनऱ्यांचे मुसलमानांशी संबंध बहुधा पाहुणा आणि यजमान असे राहिले.

संत फ्रान्सिस ह्यांनी हे आधीच ओळखले होते. १२१९ साली क्रुसेडची लढाई चालू असताना ते इजिप्तमध्ये दमियेत्ता येथे शत्रूच्या छावणीत गेले आणि सुलतान अल-कामिल ह्यांना भेटले. सुलतानांनी त्यांचे ऐकून घेतले आणि सुखरूप परत पाठविले. पुढे १२२१ सालच्या नियमावलीत त्यांनी मुस्लिम देशांत जाणाऱ्या बंधूंसाठी दोन मार्ग आखून दिले. पहिला मार्ग वादविवाद न करता, देवाखातर सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढे कबूल करीत जगण्याचा. दुसरा, देवाची इच्छा दिसेल तेव्हा उघडपणे सुवार्ता सांगण्याचा. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. थॉमस पर्शियात राहिले ते पहिल्या मार्गाने.

आपल्या धर्मग्रामांतील किती कुटुंबांची मुलेबाळे आज दुबई, मस्कत, दोहा येथे कामास आहेत! शुक्रवारच्या मिस्साला तेथे उसळणारी गर्दी ते सुट्टीवर आले की सांगतात. अरबस्तानातील ह्या धर्मकार्याचा भार आज प्रामुख्याने कॅपुचिन बंधू वाहतात, आणि कॅपुचिन म्हणजे फ्रान्सिस ह्यांच्याच कुळातील एक शाखा. २०१९ साली, सुलतानांच्या त्या भेटीला आठशे वर्षे झाली तेव्हा, पोप फ्रान्सिस अबुधाबीला गेले. ४ फेब्रुवारी रोजी त्यांनी अल-अझहरच्या मुख्य इमामांसह मानवी बंधुतेच्या दस्तऐवजावर स्वाक्षरी केली आणि दुसऱ्या दिवशी तेथील क्रीडांगणात मिस्साबलिदान अर्पण केले. थॉमस ज्या आखाताच्या मुखातून जहाजात बसले त्याच आखातावर हे घडले.

त्या जहाजाकडे वळण्यापूर्वी १३०७ सालचा एक प्रसंग सांगितला पाहिजे. माँतेकोर्विनोचे योहान नावाचे एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू चीनमध्ये खानबालिक, म्हणजे आजचे बीजिंग, येथे एकटेच कार्य करीत होते. ते १२९१ साली पर्शियातून निघून आधी भारतात आले होते; येथे तेरा महिने राहिले; त्यांचे सोबती पिस्तोइयाचे निकोलस येथेच निवर्तले. मग ते एकटे चीनला गेले. त्यांनी तेथून लिहिलेल्या पत्रांत सुमारे सहा हजार जणांना बाप्तिस्मा दिल्याचा, चाळीस मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकविल्याचा, नवा करार आणि स्तोत्रे तातार भाषेत उतरविल्याचा उल्लेख आहे. आणि अकरा वर्षे आपल्याला पापनिवेदनासाठी एकही धर्मगुरू भेटला नाही, हेही त्यांनी लिहिले आहे.

ही पत्रे हातोहात पश्चिमेकडे आली. ती पोप महाशयांपर्यंत पोहोचविण्याचे काम थॉमस ह्यांनी केले. पोप क्लेमेंट पाचवे तेव्हा फ्रान्समधील प्वातिये येथे होते. थॉमस तेथे गेले आणि पोप व कार्डिनल ह्यांच्या सभेत त्यांनी योहान ह्यांच्या एकाकी कार्याचे निवेदन केले. त्याच वर्षी योहान ह्यांना खानबालिकचे महागुरू नेमण्यात आले आणि त्यांच्या साहाय्यासाठी सात फ्रान्सिस्कन बिशप धाडण्यात आले. त्यांतील तिघेच चीनला पोहोचले. थॉमस ह्यांनी आयुष्यात केलेले सर्वांत मोठे कार्य कोणते असे आम्हांला कोणी विचारले, तर ठाण्याच्या आधी आम्ही हे सांगू. दुसऱ्याचे पत्र घेऊन कित्येक महिन्यांचा रस्ता तुडविणारा टपालवाहक, ही काही रक्तसाक्ष्याची प्रतिमा नव्हे. पण चीनमधील धर्मप्रांत त्या पत्रावर उभा राहिला.

साठीच्या घरात आलेल्या थॉमस ह्यांना स्वतः पूर्वेकडे जाण्याची ओढ लागली होती. १३२० च्या सुमारास ते होर्मुझ बंदराकडे निघाले. त्यांच्यासोबत पादुआचे जेम्स आणि सिएनाचे पीटर हे दोन फ्रान्सिस्कन होते. तिसरे तिफ्लिसचे देमेत्रियुस. ते जॉर्जियाचे, धर्मगुरू नसलेले पण अनेक भाषा जाणणारे ब्रदर. पाचवे होते फ्रान्समधील सेवेराकचे डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डनस. होर्मुझची जहाजे लोखंडी खिळे न ठोकता दोऱ्याने शिवलेली असत. ह्या पाचांनी कोल्लमला जाण्याचे भाडे ठरविले होते. तेथून संत थॉमस प्रेषितांच्या कबरीचे दर्शन घ्यावयाचे आणि पुढे चीन गाठावयाचे असा बेत. परंतु जहाज त्यांच्या मनाविरुद्ध ठाण्याला लागले.

ठाणे तेव्हा मोठे बंदर होते. शिलाहारांचे आणि यादवांचे राज्य जाऊन दिल्लीच्या सुलतानांचा अंमल नुकताच बसला होता. प्रजा प्रामुख्याने हिंदू, सत्ता मुसलमानांची. नगरात मलिक हा सुभेदार आणि न्यायदानास काझी. ख्रिस्ती लोकही होते. पंधरा घरे, सारे नेस्टोरियन पंथाचे. त्यांतील एका घरी पाहुण्यांची सोय झाली. एक ध्यानात घ्यावे : पोर्तुगीज येण्यापूर्वी दोन शतके ठाण्यात ख्रिस्ती घरे होती आणि रोमहून आलेल्या, वेगळ्या परंपरेच्या धर्मगुरूंना त्यांनी आपल्या घरात घेतले.

भरूचच्या बाजूस नावापुरते ख्रिस्ती असलेले, बाप्तिस्माही न झालेले लोक आहेत असे ह्या यजमानांनी सांगितले. फार्सी अधिक अवगत असलेल्या जॉर्डनस ह्यांना तिकडे पाठविण्याचे ठरले. ते सोपाऱ्यामार्गे निघाले. चौघे फ्रान्सिस्कन ठाण्यातच थांबले.

पुढे जे घडले त्याचा आरंभ एका घरगुती भांडणात आहे. यजमान नवरा-बायकोत कलह झाला आणि नवऱ्याने बायकोला मारहाण केली. ती न्याय मागावयास काझीकडे गेली. काझीने साक्षीदार विचारला. तिने घरातील चार फिरंगी धर्मगुरूंचे नाव सांगितले. ह्या बाईला दोष देणारे कथन आम्ही ऐकले आहे. ते आम्हांला मान्य नाही. मार खाल्लेली स्त्री न्यायासनापुढे खरे बोलली. काझीजवळ त्या वेळी अलेक्झांड्रियाचा एक गृहस्थ बसला होता. हे लोक शास्त्रनिपुण असतात, त्यांना बोलावून धर्मचर्चा करावी, असे त्याने सुचविले. पीटर सामान राखण्यासाठी घरीच राहिले. थॉमस, जेम्स आणि देमेत्रियुस काझीपुढे गेले. मारहाणीचा खटला बाजूला पडला आणि भलताच खटला उभा राहिला.

ह्या प्रसंगाचा विस्तृत वृत्तांत आपल्याला पोर्देनोनेचे ओडोरिक ह्या फ्रान्सिस्कन प्रवाशाकडून मिळतो. ते दोन-तीन वर्षांनी ठाण्यात आले आणि ऐकलेले सर्व त्यांनी पुढे लिहवून घेतले. श्रद्धाळू प्रवाशाने श्रद्धाळू लोकांकडून ऐकलेला हा वृत्तांत आहे, ही जाणीव वाचताना ठेवावी.

चर्चा आधी ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी चालली. मग प्रश्न आला प्रेषित महंमदांविषयी. ख्रिस्ताविषयी आम्ही जे सांगितले त्यावरून तुम्हीच ताडा, अशा आशयाची उत्तरे देऊन बंधूंनी तो टाळण्याचा यत्न केला. काझीने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. अखेर थॉमस ह्यांनी जे उत्तर दिले ते अतिशय कठोर होते. ते येथे उतरवून काढण्याची आम्हांला गरज वाटत नाही. मध्ययुगातील ख्रिस्ती आणि मुसलमान एकमेकांच्या धर्माविषयी जी भाषा वापरीत, ती आज आपली भाषा नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने मुसलमानांकडे आदराने पाहण्यास आपल्याला स्पष्टपणे सांगितले आहे. थॉमस ह्यांची थोरवी त्या शब्दांत नाही. खोटे बोलून किंवा ख्रिस्ताला नाकारून सुटका करून घेण्याचा मार्ग समोर असताना त्यांनी तो घेतला नाही, ह्यात ती आहे.

तिघांना प्रथम उघड्या डोक्याने उन्हात उभे करण्यात आले, सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत. एप्रिलचे ठाण्याचे ऊन कसे असते हे आपल्याला सांगावयास नको. ते उन्हाने मेले नाहीत. मग मैदानात चिता पेटविण्यात आली. ओडोरिक ह्यांनी आपल्या लॅटिन वृत्तांतात मैदान हाच शब्द वापरला आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या ठाण्यातून थेट आलेला तो एक शब्द वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. वृद्ध थॉमस स्वतः पुढे सरसावले. परंतु म्हातारा आहे, अंगावर काही ताईत-गंडा असेल, असे म्हणून त्यांना अडविण्यात आले आणि जेम्स ह्यांना आगीत लोटले. वृत्तांताप्रमाणे जेम्स आगीतून सुखरूप बाहेर आले. दुसऱ्या खेपेस त्यांचे कपडे उतरवून, अंगाला तेल फासून, अधिक मोठ्या आगीत टाकले. तेव्हाही केसाला धक्का लागला नाही. जमलेले लोक हे पुण्यपुरुष असल्याचे ओरडू लागले.

चमत्काराचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. त्यानंतरची गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. मलिकने ह्या परदेशी धर्मगुरूंना सोडून दिले. एवढेच नव्हे, नगरात राहाल तर जीव जाईल अशी सूचना देऊन त्याने त्यांना खाडीपलीकडच्या वस्तीत पोहोचते करविले. तेथे एका हिंदू माणसाने त्यांना घरात आसरा दिला. म्हणजे नेस्टोरियन ख्रिस्ती, मुसलमान सुभेदार आणि हिंदू गृहस्थ असे तीन धर्मांचे हात त्यांना वाचविण्यास पुढे आले होते. ही कथा दोन धर्मांच्या वैराची म्हणून जे सांगतात ते हा भाग वगळतात.

काझी मात्र स्वस्थ बसला नाही. मलिकचे मन त्याने रात्रीपर्यंत फिरविले. चार हत्यारबंद माणसे खाडी ओलांडून गेली. अंधारात त्यांना घर सापडेना. मध्यरात्रीनंतर बंधू नेहमीप्रमाणे उठून पहाटेची स्तोत्रे म्हणू लागले आणि त्या आवाजावरून माग लागला. ही चार माणसे कामगिरीवर खूश नव्हती. तुम्ही भले लोक आहात हे आम्हांला समजते, पण हुकूम पाळला नाही तर आमची बायकामुले मारली जातील, अशा अर्थाचे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. बंधूंनी त्यांना आपले काम करण्यास सांगितले. थॉमस ह्यांचे शिर उडविण्यात आले. त्यांच्यामागोमाग जेम्स आणि देमेत्रियुस ह्यांचा वध झाला. तो दिवस होता गुरुवार, ९ एप्रिल १३२१. उपवासकाळ संपत आला होता. येणारा रविवार झावळ्यांचा होता.

मागे राहिलेले पीटर दुसऱ्या दिवशी हाती लागले. त्यांना मतपरिवर्तनासाठी आधी आमिषे, मग यातना देण्यात आल्या आणि झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, ११ एप्रिल रोजी, त्यांचाही अंत झाला. सामान राखीत घरी बसलेल्या ह्या बंधूंनी काझीपुढे वाद घातला नव्हता, कठोर शब्दही उच्चारला नव्हता. त्यांच्याविषयी लिहिले जाते फार थोडे.

जॉर्डनस ह्यांना वाटेत ही वार्ता समजली. ते माघारी आले आणि एका तरुण जिनोव्ही माणसाच्या मदतीने त्यांनी आपल्या सोबत्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन तेथील चर्चमध्ये पुरले. मृत्यू ठाण्यात, मूठमाती सोपाऱ्यात. आजच्या रचनेनुसार पहिले गाव मुंबईच्या महाधर्मप्रांतात आणि दुसरे वसईच्या धर्मप्रांतात येते. इकडे दिल्लीच्या सुलतानाला प्रकार कळला. ओडोरिक लिहितात की, निरपराध परकीयांना मारल्याबद्दल सुलतानाने मलिकला पकडून नेले आणि कुटुंबासह देहदंड दिला. काझी पळून गेला. मलिकच्या निरपराध कुटुंबाचा हा शेवट आम्हांला समाधान देत नाही.

ओडोरिक ठाण्याला आले तेव्हा त्यांनी सोपाऱ्याची कबर उघडून अस्थी सोबत घेतल्या आणि कोल्लममार्गे चीनपर्यंत नेल्या. झैतून, म्हणजे आजचे च्वानचौ बंदर, येथील फ्रान्सिस्कन मठात त्यांनी त्या ठेवल्या. १३०७ साली ज्या चिनी मिशनची पत्रे थॉमस ह्यांनी प्वातियेला पोहोचविली होती त्याच मिशनच्या हाती त्यांच्या अस्थी आल्या. ओडोरिक १३३० साली मायदेशी परतले, पादुआ येथे त्यांनी हा सारा वृत्तांत लिहवून घेतला आणि पुढच्याच वर्षी उदिने येथे देह ठेवला. थॉमस ह्यांचे मस्तक टोलेंटिनोला आणले गेले अशी तेथील परंपरा असून त्या नगरात ते भक्तिभावाने पूजिले जाते. १८९४ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी थॉमस ह्यांच्या भक्तीस अधिकृत मान्यता दिली. २०२१ साली सातशे वर्षे पूर्ण झाली त्या ९ एप्रिलला महाराष्ट्रातील सर्व प्रार्थनास्थळे कोविडच्या निर्बंधांमुळे भाविकांसाठी बंद होती.

जॉर्डनस ह्यांच्याविषयी सांगावयाचे राहिले. चारही सोबती गेले तरी त्यांनी हा किनारा सोडला नाही. १२ ऑक्टोबर १३२१ रोजी, म्हणजे सहा महिन्यांनी, त्यांनी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील घोघा येथून पर्शियातील धर्मबंधूंना पत्र लिहिले. पुढे आणखी एक पत्र ठाण्याहून लिहिले. आजारपण, छळ, लूट आणि एकाकीपणा ह्यांचा उल्लेख त्यांत आहे. तरीही त्यांचे मागणे सूडाचे किंवा सैन्याचे नाही. आणखी धर्मगुरू पाठवा, असे ते लिहितात, आणि कोठे पाठवावेत त्या गावांची नावेही देतात : सोपारा, भरूच, कोल्लम. १३२९ साली पोप योहान बाविसावे ह्यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमले. भारतातील पहिला लॅटिन धर्मप्रांत तो हाच.